पाच चकरा म्हणजे शंभर मीटर

वामनकाकांच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी बसवली आहे. परवा गावी गेले तेव्हा त्या जाळीला कपाळ टेकवून खाली पाहिलं. उन्हाळ्यातलं पाणी, तळाकडे सरकलेलं, हिरवट काळं. जाळीच्या चौकोनांतून ऊन आत पडलं होतं आणि पाण्यावर त्याचे तुकडे हलत होते. मग तो वास वर आला. ओल्या दगडाचा, पारव्यांचा, शेवाळाचा आणि मोटारीच्या पाइपाला चढलेल्या गंजाचा. मैत्रिणी कॉलेजचे दिवस आठवताना कँटीनच्या चहाचं आणि लायब्ररीचं बोलतात. मला कॉलेज म्हटलं की हा वास येतो. काठावर आत्या दोर धरून बसलेली आहे, आणि माझ्या नाकातोंडात पाणी गेलेलं आहे.

बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, न विचारता सांगते, आणि त्यात मला काही संकोच वाटत नाही. पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेवर बाबांचं पंक्चरचं दुकान. गाव तिथून आत तीन किलोमीटर. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्या शेजारच्याच घरात राहायची आणि वामनकाकांच्या शेतात निंदायला, वेचायला जायची. त्या मार्चमध्ये मला पत्र आलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरांच्या कुशीतल्या एका सरोवराकाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासवर्ग, विषय पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळं, जाण्यायेण्यासकट सगळा भार त्यांचा. पत्रासोबत एक फोटो होता. निळं पाणी, पाण्यात उतरलेला लाकडी धक्का, मागे बर्फाचे डोंगर. बाबांनी तो रंगीत काढून आणला आणि दुकानात कॅलेंडरशेजारी चिकटवला. चाक खोलून होईपर्यंत ट्रकवाले तो बघत उभे राहत.

"किसका फोटो है उस्ताद?"

"मेरी लडकी जा रही है उधर," बाबा टायरवरून मान वर न करता सांगत. पण सांगितल्यावर हातातला पाना क्षणभर थांबायचा.

आता खोटेपणाचं सांगते. अर्जात एक प्रश्न होता, पोहता येतं का. मी 'हो' वर खूण केली होती. मला पाण्याची अक्कल होती ती बादलीएवढी. बारा विहिरींमधल्या शेवाळावर मी प्रकल्प केला होता, पण सगळं शेवाळ दोरानं बादली सोडून वर काढलेलं. एकाही विहिरीत पाऊल टाकलं नव्हतं. वाटलं, एवढ्या लांबून कोण बघायला येतंय. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचं दुसरं पत्र आलं. काम बोटीतून करायचं असल्यामुळे प्रत्येकानं शंभर मीटर न थांबता पोहल्याचा व्हिडिओ मेच्या तिसऱ्या रविवारपर्यंत पाठवावा. न पाठवल्यास जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला दिली जाईल.

बाबा तेव्हा टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होते. मी सगळं एका दमात सांगितलं.

"खोटं काहून लिहिलं?"

"वाटलं कोण पाहते."

त्यांनी बुडबुड्यावर काडीनं खूण केली, ट्यूब बाहेर काढली, पुसली. "किती दिवस हायेत?"

"दीड महिना."

"आत्याले विचार," ते म्हणाले. "तिले पोहता येते."

हे मला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं शेजारी राहून. आत्या अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. विचारलं तर म्हणाली, "येते का म्हणजे? आमच्या खदानीत माह्यासारखं कोणी डुबकी मारे का? आमच्या वेळी इहिरी दुसऱ्याईच्या होत्या व. पाणी भराले गेलो त काठापासून दहा पावलं दूर उभं राहा लागे, कोणी ओतलं त मिळे. म्हून आम्ही पोट्ट्या चुनखडीच्या खदानीत शिकलो. ते पाणी कोणाचंच नव्हतं, सालभर पावसाचं साचलेलं." आणि गाठ आवळून पुढे, "उद्या सकाळी ये. केसाले तेल लावजो नको."

वामनकाकांची परवानगी काढायला ती स्वतः गेली. काका बाजेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "इहीर काय पळून चालली का? पोह म्हणा तिले. पण मोटार चालू असताना पाय टाकजो नका. करंट कोणाले ओळखत नाही." त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी विहिरीवर यायचे, स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घालायचे, आणि मी वर आले की परत बसवायचे. तेवढ्या वेळात त्यांचा हात त्या खिशावरून हलत नसे.

सहा ते सात विहीर आमची, असं आत्यानं गावात जाहीर करून टाकलं. पोहायला येणारे पोट्टे त्या तासात आले तर आत्याजवळ काठी होती. तरी बांधापलीकडून आवाज यायचेच.

"काय वं, ऑलिंपिकले चालली का?"

"हो," आत्या इकडून सांगायची. "तुह्या मायले सांग, टीव्ही लावून ठेव म्हणा."

पाठीला पाच पाच लिटरच्या तेलाच्या दोन रिकाम्या कॅन, आत्याच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं काखेतून बांधलेल्या. कमरेला दोर. अंगात पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि भावकीतल्या कोणाची तरी ट्रॅकपँट. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्यांवर उलटी होऊन उतरले, तेव्हा आतले पारवे एकदम फडफडून डोक्यावरून वर गेले आणि त्या फडफडीचा आवाज विहिरीत गोल गोल फिरत राहिला. पाणी वर कोमट होतं आणि खाली गार. वितभर खाली पाय गेला की दुसरा ऋतू लागायचा. कॅनमधलं उरलेलं सोयाबीनचं तेल पाण्यावर पसरून सकाळच्या उन्हात त्याचे रंग व्हायचे. त्या रंगांमध्ये मी गटांगळ्या खात होते.

"पाय मार. सायकल चालवून राह्यली का तू? पाय लांब ठेव, सरका सरका मार."

"आत्या, बुडून राह्यली मी."

"बोलता येते त बुडत नाही."

त्या दिवसांत गावाला किती तरी वास होते. मोहफुलांचा गोड आंबूस वास संपत आला होता, तेंदूच्या पानांचे गठ्ठे सुकायला पसरले होते, आईनं बाजेवर कुरडया घातल्या होत्या आणि त्यांच्यावर कोंबड्या येऊ नयेत म्हणून ती निंबाखाली बसून राहायची. दुपारी पंचेचाळीस अंश. अशा एका दुपारी तिनं नागपूरहून मागवलेला जाड लोकरीचा स्वेटर मला घालून पाहायला लावला. मी घामानं निथळत उभी, आणि ती मागून पुढून खांदे ओढून बघत होती. "बाह्या आखूड हायेत," ती म्हणाली. "थंडीत मनगटं उघडी राहतील." अंगणात येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबून स्वेटरला हात लावून बघत होत्या. कोणी हसलं नाही. मे महिन्यात स्वेटर घातलेली पोरगी म्हणजे खरोखर कुठे तरी निघालेली पोरगी.

तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, जमायला लागलं. हात पाय आपोआप चालत होते, श्वास घ्यायची वेळ कळत होती. कॅन आत्याच खालच्या, पाण्यातल्या पायरीवर बांधायची आणि सोडायची; एका सकाळी मी तशीच वर आले, पाठीची पट्टी सोडली आणि एक कॅन धपकन दगडावर पडली. रिकामी कॅन अशी पडत नाही. हलवून पाहिली तर काठोकाठ पाण्यानं भरलेली. दुसरीही. आत्यानं रोज मला न सांगता त्यांत थोडं थोडं पाणी वाढवत नेलं होतं. चार दिवसांपासून मी तरंगवणारं काहीच नसताना, दोन भरलेल्या कॅन पाठीवर घेऊन पोहत होते.

मी तिच्याकडे पाहिलं. ती लुगड्याचा पदर पिळत होती.

"सांगितलं असतं त भेली असती," ती म्हणाली.

बाबा तोवर फ्यूज बसवून दुकानाकडे गेले होते; त्या दिवशी मी घरी गेले नाही, धावले. ओल्या कपड्यांनी हायवेपर्यंत. बाबांना सांगितलं. त्यांनी तेलकट हात चिंधीला पुसले आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. एरवी ते एकच मागवत आणि बशीत अर्धा मला देत.

मग मी गणित केलं. विहीर तीस फुटांची. भिंतीला हात न लावता एक चक्कर म्हणजे साधारण वीस बावीस मीटर. पाच चकरा म्हणजे शंभर मीटर. मुदतीच्या आठ दिवस आधी आम्ही व्हिडिओ काढला. आई मोबाईल धरून काठावर, बाबा खिशावर हात ठेवून, वामनकाका, त्यांची सून, निंदायला आलेल्या बाया, आणि त्या दिवशी पोट्ट्यांनाही आत्यानं मोकळीक दिलेली. मी फिरू लागले. पायऱ्या ज्या बाजूला होत्या त्या बाजूनं नेहमीसारखी डावीकडे वळत, डावीकडे वळत. वर सगळे मोजत होते. एक. दोन. तीन. विहिरीत आकडा पडला की दुप्पट होऊन फिरायचा. पाच झाले तरी कोणी थांबेना. दहा झाल्यावर आत्यानं हात वर केला. त्या व्हिडिओत कोपऱ्यात आईचा अंगठा आहे, आणि शेवटी वामनकाकांचा आवाज, "आता हे पाणी तिच्या अंगात मुरलं."

तीन दिवसांनी उत्तर आलं. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं की व्हिडिओ त्यांच्या सगळ्या कचेरीनं बघितला, अशी सुंदर विहीर त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण बोटीतून पडल्यावर काठाकडे सरळ यावं लागतं, तेव्हा कृपा करून मोकळ्या पाण्यात शंभर मीटर सरळ पोहून दाखवावं. तारीख तीच. हातात पाच दिवस.

"सरळ त सरळ," आत्या म्हणाली. "त्यात काय?"

तेच आम्हाला वाटलं. जंगलाच्या कडेला पाझर तलाव आहे. मेमध्येही त्याला पाणी होतं. तिथे एक मासेमार भाऊ ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचा. त्यानं ट्यूबवरून दोर पलीकडे नेला, आत्यानं तो नंतर काठावर ताणून पावलांनी मोजला. शंभर मीटरला थोडं वरच. ठरलं असं की तो भाऊ ट्यूबवर माझ्या बाजूला राहील आणि लागलं तर धरेल. आईनं मोबाईल वर केला. मी शिरले.

तलावाचं पाणी गढूळ, डोळ्यांत जाऊन चुणचुणत होतं, म्हणून डोळे मिटूनच पोहत होते. हात जोरात, पाय जोरात. भाऊ काही तरी ओरडत होता, मला वाटलं शाबासकी देतोय. पायाखाली चिखल लागला तशी मी उभी राहिले. दोन्ही हात वर केले. डोळे पुसून बघते तर समोर आई. हातात मोबाईल. मला क्षणभर कळेना, आई माझ्या आधी पलीकडे कशी पोचली.

आई पलीकडे गेली नव्हती. मीच वळून परत आले होते. निघाले त्या जागेपासून तीस पावलांवर.

ट्यूबवरचा भाऊ हसून हसून पाण्यात पडायच्या बेतात होता. आत्याही पदर तोंडाशी धरून बसली. "तू त तलावात इहीर घेऊन आली व," ती म्हणाली. मग तिनं पदर खाली घेतला. खळ्यावर फिरवलेला बैल मोकळा सोडला तरी गोलच चालतो, तसं माझं अंग झालं होतं. आणि ते तिनं केलं होतं, रोज सकाळी, दीड महिना. तिचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा डावीकडे वळले. तिसऱ्यांदा अर्ध्यातून भावानं ट्यूबला धरून आणलं. परतताना आम्ही बैलगाडीच्या वाटेनं निघालो. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. दुकानातला तो फोटो मला नकोसा झाला. यादीतली ती पुढची मुलगी कोण असेल आणि तिला कधी फोन जाईल, हे मी मनात चालवत होते.

दुसऱ्या सकाळी पाच वाजता आत्या दारात. "चाल. आज उलट्या चकरा."

तीन दिवस मी विहिरीत उजवीकडे फिरले. सकाळ संध्याकाळ. पहिल्या दिवशी अंग ऐकेना, मान अकडली, भिंतीला कोपरं घासून सोलली. आत्या वरून फक्त एकच शब्द म्हणायची, "उलटी." तिच्या शिकवण्यातली चूक ती अशी उसवत होती, आणि उसवताना घाई करू नये, तशी ती करत नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी मला डावीउजवी दोन्ही सारखीच वाटू लागली.

रविवारी तलावावर बाबाही आले. दुकान बंद ठेवून. ते बंद मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आम्हाला इकडे सोडलं आणि स्वतः काठाकाठानं चालत पलीकडे जाऊन उभे राहिले. एवढेसे दिसत होते. मी शिरले, डोळे मिटले, हात मारला.

मग तो आवाज आला.

हायवेवर ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. तो मागे उभ्या माणसाच्या आवाजावर गाडी सोडतो. पंजाबचा असो की आंध्रचा, भाषा एकच. आमच्या दुकानासमोर नालीच्या काठापर्यंत बाबांनी हजारो गाड्या अशा घेतल्या असतील.

"आन दे… आन दे… सीधा आन दे…"

मी पाण्यात होते आणि तो आवाज समोरून येत होता. मी त्याच्याकडे निघाले.

"उजवी काट… उजवी… बस. सीधा. आन दे…"

मान वर करायची गरजच उरली नाही. आवाजानं डावा कान भरला की मी डावीकडे व्हायची, उजवा भरला की उजवीकडे. दंड पेटले होते, छातीत हवा पुरत नव्हती, पण आवाज मोठा होत होता. त्याच्या पलीकडे, लांब मागे, आईचा आवाज. ती व्हिडिओ काढताना बोलायचं नाही हे विसरून म्हणत होती, "सोडू नको वं, सोडू नको."

"आन दे… आन दे… आन दे…"

हात कशाला तरी लागला. कापड. बाबा छातीभर पाण्यात उभे होते, पँट, शर्ट, खिशात मोबाईल, सगळ्यांसकट. बोलावता बोलावता कधी आत चालत आले ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर तळहातानं दोनदा थाप मारली. गाडी जागेवर लागली की मागच्या फळीवर मारतात तशी.

"बस," म्हणाले. "लागली."

पलीकडून आत्याचा आवाज पाण्यावरून आला. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नाचत होती हे मात्र दिसलं.

त्याच दिवशी व्हिडिओ गेला. सोमवारी उत्तर आलं, दोन ओळींचं. काठावरच्या गृहस्थांचे शब्द आम्हाला समजले नाहीत, पण तुम्ही सरळ आलात, जुलैत भेटू. ते मी दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचलं, मग मराठीत सांगितलं, मग चाक बदलायला थांबलेल्या एका ट्रकवाल्यासाठी हिंदीत. त्यानं बाबांशी हात मिळवला, तेलकट हातासकट.

आता मी पाणी शिकवते, कॉलेजातच. मुलींना शेवाळ बादलीनं काढू देत नाही, आधी पोहायला शिका म्हणते. जाळीला कपाळ टेकवून उभी होते तेव्हा हे सगळं आठवलं, पण सगळ्यात स्पष्ट आठवली ती स्वित्झर्लंडमधली पहिली सकाळ.

सरोवर फोटोत होतं त्याहून निळं होतं. काठच्या गवतात पिवळी फुलं, वर चरणाऱ्या गायींच्या गळ्यातल्या घंटा, आणि डोंगरावरचं बर्फ इतकं जवळ की हात पुढे करावा. एकोणीस जण आम्ही, धक्क्यावर रांगेत. एकेकाला पाण्यात उतरवत होते. माझ्या आधी आठ जण होते, म्हणून मी घरी व्हिडिओ कॉल लावला. आत्यानंच उचलला. गावात दुपार होती. मी मोबाईल फिरवून तिला सगळं दाखवलं. डोंगर, बोटी, पाणी. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

मग म्हणाली, "हे पाणी कोणाचं हाय व?"

"कोणाचंच नाही, आत्या. सगळ्याईचं हाय."

तिनं मोबाईल पुन्हा लांब धरला.

"मंग मले काय दाखवतं उभी राहून," ती म्हणाली. "उतर."